फॉर्मवरची सहावी ओळ

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
११ मार्च २००७

ती. रामूमामांस,
संध्याचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे आज बरंच आहे. मला जे सांगायचंय ते मध्येच तोडलेलं चालणार नाही. तुमच्या चिरंजीवांची तक्रार आहे.

उल्हासनगरच्या सायबर कॅफेत आमची काउंटर स्ट्राइकची टीम आहे. पाच जण पाच कॉम्प्युटरवर बसतात आणि समोरच्या पाचांशी बंदुकांनी लढतात. तुमचे चिरंजीव, म्हणजे नरूदादा, कॅप्टन. मी सहावी, म्हणजे राखीव. आठ महिने मी त्यांच्या मागे स्टूल टाकून बसते, समोरचे कुठून कधी घुसतात ते वहीत लिहिते, आणि कोणाला ताप आला की त्याच्या जागी खेळते. पंचवीस तारखेला तिथेच टूर्नामेंट आहे, ठाणे-कल्याणच्या टीमही येणार. फॉर्मवर सहा ओळी आहेत. दादाने पाचच नावं लिहिली.

विचारलं तर म्हणतो, मागे राखीव बसला की खेळणारा घाबरून खेळतो, जरा चुकलं की मान मागे वळते. पाचांना एकमेकांच्या आवाजाची सवय असते, सहावा आला की सगळं विस्कटतं. ठीक आहे, मान्य. पण मामा, त्याचं मनगट सुजलंय. दिवसभर अंबरनाथला मोबाइलच्या दुकानात स्क्रू फिरवतो आणि संध्याकाळी माउस. पंधरा राउंड झाले की हात थरथरतो. ते फक्त मला दिसतं, कारण मागे मीच असते. आणि नेमकं तेच त्याला नकोय.

मी सहाव्या ओळीत माझं नाव लिहिलं. त्याने खोडलं. मी त्याच्यावरच परत लिहिलं, बॉलपेन दाबून. आता साहेब बोलत नाहीत माझ्याशी. नका बोलू. मी जाणारच.

त्याला समजवा असं मी म्हणत नाहीये. तुम्हाला माहीत असावं, बस्स. मामीला जयभीम. रागावलात तरी चालेल, पण उत्तर टाका.

तुमची,
संध्या


बारवी धरण
१६ मार्च २००७

चि. संध्यास,
मामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरगी फार तिखट झालीय. मी म्हटलं, भाची कोणाची आहे! इकडे सगळं ठीक. वालाच्या शेंगा धरल्यात, कोणी येणारं असलं तर पाठवून देतो.

तुझा तो बंदुकांचा खेळ मला काही कळत नाही. पण मनगटाचं वाचलं आणि जेवण जाईना. एक गोष्ट सांगतो. घरात तुला ती कोणी सांगितली नसणार.

आमच्या गायन पार्टीत ढोलकीवाले दोन असायचे. जयंतीचा कार्यक्रम सात-आठ तास चालायचा, एका माणसाचे हात पुरायचे नाहीत. दुसरा मांडीला मांडी लावून बसायचा आणि आपल्या मांडीवर ठेका धरून असायचा. पहिला थकला की चालू गाण्यातच ढोलकी सरकवायची, ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. पहिला मी होतो. दुसरे तुझे पप्पा.

अठ्ठ्याऐंशी साली अंबरनाथला दोन पार्ट्यांचा मुकाबला होता. माझ्या बोटाची कातडी फाटली. दाजींनी दोनदा हात पुढे केला. मी ढोलकी सोडली नाही. रामभाऊचे हात संपले असं लोकांनी म्हणायला नको ना! शेवटच्या गाण्यात माझा ठेका पडला, गाणारा मध्येच थांबला आणि भर मांडवात आमचं हसू झालं.  त्या दिवसापासून दाजींनी ढोलकीला हात लावला नाही. तुमच्या माळ्यावर चादरीत बांधलेलं आहे ना, तीच ती. एकोणीस वर्षं झाली. येणं-जाणं चालू आहे, लग्नात शेजारी जेवायला बसतो, पण माझ्या तोंडून त्या चुकीची कबुली कधी निघाली नाही.

नरू म्हणतो ते खोटं नाही. बाजूला दुसरा बसला की पहिल्याला टोचतं. मलाही टोचायचं. पण त्यात दुसऱ्याचा काय दोष? तू जा. हाकललं तरी उठू नकोस. माझं नाव सांग.

हे पत्र पप्पांना दाखवू नकोस, एवढी माया मामावर असू दे.

तुझा,
रामूमामा


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
२७ मार्च २००७

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

गेले. गर्दीत स्टूल मिळालं नाही, मग तासन् तास उभी राहिले. नाव खोडलेलं आहे म्हणून आयोजकांच्या पोराने कटकट केली. कॅफेवाले हरेश अंकल त्याला म्हणाले, साईं, लडकी ने दो बार लिखा है, एक बार तो मान लो.

पहिली मॅच जिंकलो. दुसरी कल्याणच्या टीमशी. तीसपैकी पंधरा राउंड झाले तेव्हा आम्ही सहा, ते नऊ. दादा हात मांडीखाली दाबून बसला होता. मी हात पुढे केला नाही.  त्यानेच हेडफोन काढला आणि मागे न बघता खांद्यावरून माझ्याकडे धरला.

पहिले दोन राउंड गेले. कॅप्टनच्या जागी माझा आवाज नवा होता, पोरं गोंधळली. दादा म्हणतो ते तेवढं खरं निघालं. मग वहीतलं आठवून सांगत गेले आणि लागोपाठ पाच काढले. शेवटी सोळा-चौदाने हरलो. पण माझ्या अर्ध्यात आठ आमचे, सात त्यांचे. आणि मागे उभं राहून वहीत कोण लिहीत होतं? तुमचे चिरंजीव. डाव्या हाताने, एक अक्षर वाचता येत नाही.

भांडण मिटलेलं नाही. राखीवचा फायदा नाहीच, असं तो अजून म्हणतो. मी म्हटलं, मग सरावाला मला रोज बसव आणि नंतर बोल. शेवटी ठरलं, दर रविवारी एक जण माझ्यासाठी उठणार. कॅप्टनसुद्धा.

एक गुन्हा कबूल करते. तुमचं पत्र मी पप्पांना दाखवलं. मला ते दडवायचं नव्हतं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि ड्युटीला गेले. संध्याकाळी आल्यावर माळ्याला शिडी लावली. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

तुमची,
संध्या


हेंद्रेपाडा
२ एप्रिल २००७

रामभाऊंस,
सुदामचा जयभीम.

मला पत्र लिहायची सवय नाही. ढोलकीच्या पुडीचं कातडं फाटलं होतं, नवी बसवून आणली. चौदा तारखेला आमच्या विहारात कार्यक्रम आहे. मंडळाला तुमचं नाव दिलंय, खाली माझं. खोडू नका.

ऐकू येत नाही ही सबब चालणार नाही. मांडीला मांडी लावून बसा, ठेका कळेल. सुरुवात तुम्हीच करायची.

हात मात्र मी पुढे करणार नाही. दमलात की तुम्हीच ढोलकी सरकवा. मी बाजूलाच आहे.

सुदाम