चंदेरी कागदाचा फ्यूज

अण्णा, तुमचा ॲम्प्लिफायर मी उघडला. तुमच्याच जेवणाच्या टेबलावर, जुनी चादर अंथरून, आईच्या देखत उघडला. तुम्ही असता तर माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हिसकावून घेतला असता, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. त्या यंत्रावरून तुम्ही आईला जे बोललात ते मात्र न आठवताही ऐकू येतं. त्याचं उत्तर आज माझ्याकडे आहे आणि ते ऐकायला तुम्ही नाही, याची मला भयंकर चीड येते.

त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आहे. दुसऱ्या दिवशी पाडव्याला तुमच्या ऑफिसातली मंडळी सकाळी फराळाला यायची आहेत, आणि तुम्हाला गाणी अशी लावायची आहेत की सगळ्या गल्लीनं ऐकावीत. तुम्ही कुणाकडून तरी आणखी दोन स्पीकर मागून आणले आहेत आणि ते गॅलरीत टांगता आहात. आई चकल्या तळता तळता मधेच येते, शोकेस पुसते, त्यावरचा ॲम्प्लिफायरही पुसते आणि कढईकडे परत जाते. मग तुम्ही चारही स्पीकर जोडून आवाज वाढवता. गाणं थोडा वेळ वाजतं आणि बंद पडतं. तुम्ही चपला घालून बाहेर जाता, लगेच परत येता, आणि पूजा करून सगळ्यांनी दुकानं बंद केली म्हणून चिडचिड करता. मग दार लोटून घेता. थोड्या वेळानं गाणं पुन्हा सुरू होतं. त्या वेळी मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. अण्णांनी दुरुस्त केलं, एवढंच वाटलं होतं.

सकाळी आईनं तुम्हाला ओवाळलं. मंडळी आली, चिवड्याच्या बशा फिरल्या, गॅलरीतून गाणं सुरू झालं. तुम्ही इतके खूश होता की शेजाऱ्यांनाही हाका मारून आत बोलावत होता. आणि मग गाण्याच्या मध्येच जळका वास आला, स्पीकरमधून घरघर झाली आणि सगळं शांत झालं. तुम्ही आईला स्वयंपाकघरातून बोलावलंत. ती हात पदराला पुसत आली. "काल ओल्या फडक्यानं पुसलास ना हा?" तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. आई म्हणाली, "फडकं कोरडं व्हतं." तुम्ही मंडळींकडे वळलात आणि तिच्यासारखाच हेल काढून म्हणालात, "ऐकलंत? कोरडं व्हतं. हिच्या माहेरी, निफाडला द्राक्षं धुतात तसं हिनं माझं मशीन धुतलं." सगळे हसले. आईही हसली. ते हसू मी विसरलेले नाही. तुमची ती पाडव्याची ओवाळणी होती.

एवढ्यावर थांबला असता तर कदाचित मीही विसरले असते. पण तुम्हाला त्या गोष्टीची चटक लागली. पाहुणा आला की शोकेसकडे बोट दाखवायचं आणि गोष्ट सांगायची. बल्ब गेला की, "तू हात लावलास का?" मिक्सर जळला की, "तरीच." तुमचं पाहून आम्ही मुलंही गमतीनं तसंच बोलायला लागलो. आईनं आधी कॅसेट लावणं सोडलं. त्याआधी ती भाजी निवडताना भजनं ऐकायची, सोबत म्हणायचीही. मग ती गिझरचं बटण दाबायला मला हाक मारू लागली. आजही टीव्ही लावायचा असला तर ती शेजारच्या सूनबाईंना बोलावते. विजेच्या वस्तूंना आपला हात सोसत नाही, असं ती लोकांना स्वतः सांगते, आणि "व्हतं" न म्हणता व्यवस्थित "होतं" म्हणते. तिच्या घरात तिला परकं करून टाकलंत तुम्ही, तेही हसत हसत. माझा राग यासाठी आहे.

या दिवाळीच्या साफसफाईत ती म्हणाली, "तो डबा भंगारात दे आता." मी दिला नाही. मी सातपूरला एका कारखान्यात विजेची कंट्रोल पॅनेल तपासते, अण्णा. कारखान्यातून पॅनेल बाहेर जायच्या आधी त्यावर माझी सही लागते. विजेच्या कामात मुलींनी पडू नये, असं तुम्ही म्हणाला होता तेही इथेच सांगून टाकते. द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात मी याचे सुटे भाग मिळतील का विचारायला गेले, तर दुकानदार फोटो पाहून म्हणाला, "मॅडम, कशाला याच्या मागे लागता? ब्लूटूथवाला घ्या ना, मस्त छोटा येतो." मी म्हटलं, "मला ऐकायचा नाहीये. हा कुणी मारला ते बघायचंय." तो हसला, पण माझा चेहरा बघून मिळतील म्हणाला.

प्लगची पिन काढून ठेवली, पण झाकण उघडल्यावरही लगेच हात घातला नाही. पिन काढली तरी आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जोरात झटका देऊ शकते. म्हणून रेझिस्टर लावून ती उतरवली, मीटर शून्यावर आल्याची खात्री केली आणि मगच कामाला लागले. तुम्ही नुसता खटका बंद करून आत बोटं घालायचात. आई लांब, दाराशी उभी होती. "जपून गं," म्हणत होती. मी सगळ्यात आधी पाहिलं ते ट्रान्सफॉर्मरच्या आसपास, कारण पाणी गेलं असतं तर तिथे गंज दिसला असता. धूळ होती, झुरळाची अंडी होती, गंज कुठेच नव्हता. मग फ्यूजची टोपी फिरवली.

काचेच्या त्या बारीक नळीभोवती चंदेरी कागद गुंडाळलेला होता. सिगारेटच्या पाकिटातला. एका बाजूनं काळा पडलेला, पण शाबूत. आपल्या घरात सिगारेट कोण ओढायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. चार स्पीकरांचा भार त्या यंत्राला झेपत नव्हता, म्हणून फ्यूज उडाला. उडणं हेच त्याचं काम होतं, आणि त्यानं ते चोख केलं. तुम्ही मात्र त्याला कागद गुंडाळून गप्प बसवलंत, कारण तुम्हाला मंडळींसमोर मिरवायचं होतं. मग सकाळी जादा करंट अडवायला कुणी उरलं नाही आणि आतले दोन ट्रान्झिस्टर जळले. मी मीटर लावून ते तपासले, दोन्ही शॉर्ट होते. ते सापडलं तेव्हा मला आनंद झाला, अण्णा. असा आनंद मला कधी बढतीचाही झाला नव्हता.

दुरुस्ती मी सावकाश केली, कारण मला ती चुकू द्यायची नव्हती. नवे ट्रान्झिस्टर बसवले, त्यांच्याखाली वीज अडवणारा अभ्रक आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायला विसरले नाही, योग्य क्षमतेचा फ्यूज घातला. मग सरळ प्लगमध्ये न लावता आधी बल्ब जोडलेल्या सिरीज बोर्डावर लावला. आत अजून शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटून राहिला असता आणि यंत्र वाचलं असतं. बल्ब क्षणभर उजळला आणि मंदावला. स्पीकरच्या तारांवर नको तो व्होल्टेज नाही हे पाहिलं, तरीही पहिल्यांदा एक टाकाऊ स्पीकरच जोडला. तो आधी डाव्या, मग उजव्या बाजूला लावून पाहिला; दोन्ही बाजू स्वच्छ वाजल्या.

मग मी तो फ्यूज आईच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल की मला माहीतच होतं. निदान रागावेल, आणि मग आम्ही दोघी मिळून तुम्हाला बोलू. तिनं चष्मा लावला, कागद नखानं थोडा उकलून पाहिला.

"म्हणजे मी नव्हतं केलं?"

"नाही गं आई."

"मला वाटायचं, फडकं थोडं ओलंच असेल. एवढी सगळी माणसं म्हणत होती." मग उकललेला कागद परत नीट गुंडाळत ती म्हणाली, "म्हणजे कोरडंच व्हतं."

अण्णा, ती इतकी वर्षं स्वतःला दोषी समजत होती. हे तुम्ही केलंत. यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही, आणि दर पाडव्याला घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा फ्यूज दाखवून तुमची गोष्ट सांगणार आहे. तुमच्याइतकीच रंगवून. तो तुमच्या फोटोखालीच ठेवला आहे. आई म्हणाली, "काढ गं तो, बरं नाही दिसत." मी काढला नाही. ॲम्प्लिफायर मात्र तिनं स्वतः लावला. आधी बोट पदराला कोरडं पुसलं, मग बटण दाबलं.

आता हे पत्र मिटून ठेवते. पाठवायला पत्ता नाही, हे एकच कारण नाही. गाणं चालू असताना आईनं मला विचारलं, "त्यांना ठाऊक व्हतं का गं?" मी जराही न थांबता "हो" म्हटलं. माहीत नसतं तर तुम्ही ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेला असता, उघडल्यावर कागद दिसेल म्हणूनच कधी नेला नाहीत, हे कारणही दिलं. पण खरं सांगायचं तर मला माहीत नाही. कागद गुंडाळल्यानं यंत्र जळतं हे तुम्हाला कदाचित शेवटपर्यंत कळलंच नसेल, आणि फडकं ओलं होतं असंच तुम्ही मानत गेला असाल. ते कुठल्याच मीटरवर दिसत नाही. आणि विचारायची सोय असती तरी मी तुम्हाला विचारलं नसतं, कारण तुम्ही "नाही" म्हणाला असता, आणि मी कदाचित विश्वास ठेवला असता.