अंगठीचा हात

संगमनेर, शनिवार, संध्याकाळ

कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनाला आज आई पारनेरहून आली होती. मी पडद्यावर हाताचा एक्स-रे लावून सांगत होते, संधिवातात सूज टिकून राहिली की तिचे रासायनिक संदेश पेशींतली हाड घडवणारी जनुकं बंद पाडतात. कुणीतरी विचारलं, "मॅडम, हात कुणाचा?"

"एका पेशंटचा."

आईचा म्हणायला काय झालं होतं मला? सुजलेल्या सांध्यामागे अडकलेली अंगठी पडद्यावरही दिसत होती. आई समोरच बसली होती. तिने तो अंगठीचा हात पदराखाली घेतला.

घरी आल्यावर म्हणाली, "त्या पेशंटला काय औषध हाय का गं?"

"आहे," म्हटलं.

एक्स-रे काढला होता डॉक्टरांसाठी. मी त्याची स्लाइड केली. डॉक्टरांना दाखवायचा राहूनच गेला.