प्लंबर घरात आला

शिकागो, मार्च १९४१

प्रिय लायल,

इस्पितळात फक्त नातेवाइकांना सोडतात आणि मी तुमची बायको आहे ती फक्त रेडिओवर, दर गुरुवारी. हे पत्र टाकायचंही धाडस नाही.

तुमचा घसा बसला म्हणून काल नवऱ्याच्या भूमिकेत नवा नट आणला, कायमचाच म्हणे. कार्यक्रम थेट सुरू होता. दार वाजलं आणि त्याने हाक मारली.

"आलो गं, राणी!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "राणी कुणाला म्हणताय, प्लंबर? नवरा वर आंघोळ करतोय माझा!"

स्टुडिओत बसलेले प्रेक्षक खो खो हसले. काचेपलीकडे दिग्दर्शकाने डोकं धरलं. कार्यक्रमातले आवाज काढणाऱ्या गसने मात्र आंघोळ ऐकू यावी म्हणून लगेच बादलीत पाणी ओतलं.

सगळ्या देशाने ऐकलंय. आता तो प्लंबरच राहणार. तुम्ही सावकाश बरे व्हा.

गुरुवारपुरती तुमची,
हेस्टर