सहाव्या खंडात अडकलेलं लग्न

नाशिक, सोमवार

आदरणीय अक्का,

धाकट्या भावाचा सविनय जय भीम. तुझी तब्येत, दाजींचा खोकला आणि नामपूरच्या बाजारातला कांद्याचा भाव, तिन्ही आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे लता बरी आहे, मीही बरा आहे, आणि मनाली तर आज सकाळपासून गुणगुणते आहे. आधी एवढं एकच वाक्य वाच आणि मग घोटभर पाणी पी: लग्न मोडलेलं नाही. सिन्नरहून तुझ्या कानावर जे आलं ते निम्मं खरं होतं, आणि ते निम्मंही काल दुपारी चारच्या सुमारास संपलं. फोन करणार होतो, पण तू म्हणतेस फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, ‘लिखीसन धाड’, म्हणून लिहितो आहे. शिवाय आमच्या घरात फोनवर काही बोललं की ते तिन्ही खोल्यांत ऐकू जातं.

तर सगळं सुरू झालं ते ‘वज्रसरोवर’मुळे. (तळं नव्हे. मीही आधी तसंच समजलो होतो.) ती एका लेखिकाबाईंची कादंबऱ्यांची मालिका आहे. एकेक खंड उशीएवढा. आत राजे, राण्या, बोलणारे डोंगर, उडणारे घोडे, आणि सुरुवातीला एक नकाशा, म्हणजे वाचणारा हरवू नये. आपल्या कॉलनीतल्या विहाराचं वाचनालय मी निवृत्तीपासून सांभाळतो हे तुला माहीत आहेच. तिथे बाकीच्या पुस्तकांवरची धूळ मी झटकतो, ह्या मालिकेवर धूळ बसायला सवडच मिळत नाही. कॉलेजची पोरं वाचतात, बायका वाचतात, आमचे वाळूभाऊ रिक्षा स्टँडला लावून वाचतात आणि गिऱ्हाईक आलं की चिडतात. मी स्वतः मात्र एकही खंड वाचलेला नाही. छत्तीस वर्षं सरकारी फायलींवर शेरे मारल्यावर माणसाला वरचा विषय आणि खालची सही एवढंच वाचायची सवय लागते.

सिन्नरच्या दोंद्यांचं स्थळ तूच आणलंस, पण बघण्याच्या दिवशी तू नव्हतीस, म्हणून सांगतो. समर्थ मुलगा चांगला, तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत इंजिनीअर, बोलायला मऊ. पण त्या दिवशी त्याला बोलायची पाळीच आली नाही. त्याच्या आईने, म्हणजे प्रतिभाताईंनी, आमच्या शोकेसमध्ये ते पाच खंड पाहिले आणि मनालीला विचारलं की तुला कुठला आवडला. झालं. दोन तास त्या दोघीच बोलत होत्या. पोहे गार झाले. समर्थ, त्याचे वडील सहादूभाऊ, लता आणि मी, चौघे लांबच्या गावच्या पाहुण्यांसारखे एकमेकांकडे बघून हसत होतो. जाताना प्रतिभाताई म्हणाल्या की मुलगी पसंत आहे, आणि समर्थने मान हलवली. नंतर ती दोघं भेटत राहिली, बोलत राहिली, आणि मनालीच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता हा नुसता पसंतीचा मामला राहिलेला नाही. साखरपुडा झाला, लग्नाची तारीख मेमधली ठरली, आणि जानेवारीत सहावा खंड आला.

अक्का, ह्या सहाव्या खंडाने नाशिकची दोन शकलं केली. तक्रार अशी, की पाच खंड जिच्यासाठी लढाया झाल्या ती राणी तमसा पहिल्याच प्रकरणात सिंहासन सोडते आणि मिठाच्या वाळवंटातून चालायला लागते. चारशे पानं नुसती चालते. लढाई भलतीकडेच होते, आणि आपल्याला ती कळते एका आचाऱ्याच्या तोंडून, भाताचं आधण ठेवता ठेवता. आणि सगळ्यांचा लाडका सेनापती रुद्रकेतू, तो मरतो एका स्वल्पविरामानंतर. वाक्य सुरू होतं तेव्हा जिवंत, पूर्णविरामाला नाही. निम्मे वाचक म्हणाले, बाई थकल्या. निम्मे म्हणाले, बाईंनी आता कुठे लिहायला घेतलं. वाचनालयात दोन्ही पक्ष वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. वाळूभाऊ चालण्याच्या पक्षाचे निघाले. ते म्हणत, आयुष्यभर मी लोकांना पोचवतो, चालताना माणसाच्या डोक्यात काय येतं ते मला पहिल्यांदाच कळलं.

इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, रविवारी सकाळी विहारात चर्चा ठेवू आणि अध्यक्ष म्हणून विहीणबाईंना बोलवू. त्या शाळेत मराठी शिकवतात, त्यांचा मान होईल आणि वाचनालयाचंही नाव होईल. लता तेव्हाच म्हणाली होती की विहिणीला जेवायला बोलवावं, अध्यक्ष करू नये. मी ऐकलं नाही. तोवर मनाली आणि प्रतिभाताई सहाव्या खंडाबद्दल एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. दोघींनाही वाटत होतं की दुसरीचं मत आपल्यासारखंच असणार.

मनाली तिसरी बोलायला उठली. तिने त्या खंडाची अशी काही चिरफाड केली की आचारीसुद्धा वाचला नाही, आणि शेवटी म्हणाली की ज्यांना हा खंड आवडला त्यांनी आधीचे पाच नीट वाचलेलेच नाहीत. टाळ्या पडल्या. मग अध्यक्षीय समारोप. प्रतिभाताई उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “ज्यांना कुणाबरोबर चारशे पानं चालवत नाही, त्यांनी जन्माची सोबत ठरवताना विचार करावा.” टाळ्या वाजवायला कुणाचा हात उठला नाही. चहा तयार होता, तो तसाच राहिला. सहादूभाऊ चर्चा होईपर्यंत बाहेर झाडाखाली बसून होते, चहापुरते आत आले आणि कप उचलला, तोही त्यांनी बायकोकडे बघून खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सिन्नरहून फोन आला की तारखेचं जरा थांबून बघू. मग आठ दिवस काहीच नाही. समर्थ बिचारा दोन्हीकडे ‘तुमचं बरोबर आहे’ म्हणून बसला होता. दोघींनीही त्याला, आधी वाच मग बोल, असं बजावल्यामुळे त्याने रजा टाकून पहिल्या खंडापासून सुरुवात केली होती. मनालीला मी म्हटलं, एक फोन कर आणि म्हण की पुन्हा वाचल्यावर आवडला. ती म्हणाली, “बाबा, उद्या त्या घरात आयुष्य काढायचं. पहिलंच वाक्य खोटं कसं बोलू?” ती जेवत होती, कामावर जात होती, पण मोबाइल उपडा ठेवायची आणि वाजला की दचकायची. अक्का, विनोद बाजूला, ते आठ दिवस मला फार जड गेले. पोरगी लहानपणी पडली तरी रडायची नाही, नुसती गुडघा धरून बसायची. तशीच बसली होती.

म्हणून काल मी कुणाला न सांगता सिन्नरची एसटी धरली. पंचवटीतल्या बाजारातून मेथीच्या चार कोवळ्या जुड्या घेतल्या (मिठाई नेली असती तर काम काढून आलो असं दिसलं असतं) आणि वाचनालयातला सहावा खंड पिशवीत टाकला. विचार असा, की मनालीला खोटं बोलता येत नसेल, पण मला येतं. बसमध्ये मी शेवटचं पान वाचलं आणि मधलं ते स्वल्पविरामाचं पान शोधून तेही वाचलं.

घरी प्रतिभाताईंनी या म्हटलं, पाणी दिलं, पण चेहरा शाळेतला. सहादूभाऊ मेथी निवडायला बसले. (रिटायर्ड ड्रायव्हर, पण एवढा निवांत माणूस मी पाहिला नाही.) मी घसा साफ करून म्हटलं, विहीणबाई, सहावा खंड मी पुन्हा एकदा वाचून काढला, त्या रुद्रकेतूचं मरण काय लिहिलंय, माझे तर डोळे भरून आले.

प्रतिभाताईंनी डोळे मिटले. सहादूभाऊंच्या हातातली मेथी खाली पडली. बायकोच्या आग्रहाने तेही मालिका वाचतात, रोज सकाळी सात पानं, आणि अकरा महिन्यांत चौथ्या खंडापर्यंत आले आहेत, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. घरात गेला महिनाभर ही बातमी त्यांच्यापासून जपून ठेवली होती. त्यांनी शेजारचं कुणी गेल्यावर विचारावं तसं हळूच विचारलं, “रुद्रकेतू गेला?” मी पिशवीतला खंड आणखी आत सरकवला. मग ते म्हणाले, “कुणी मारला ते तरी सांगू नका,” आणि उठून अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले. चहाला हाक मारली, आले नाहीत. समर्थ तिसरा खंड छातीशी धरून माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच तो खून केला होता. (त्यालाही तेव्हाच कळलं.)

अर्ध्या तासाने प्रतिभाताईंनी मनालीला फोन लावला. मला वाटलं, आता माझ्यामुळे उरलंसुरलंही गेलं. पण त्या एवढंच म्हणाल्या की तुझ्या बाबांनी ह्यांना सांगून टाकलं, ते जेवत नाहीत, तू ये. मनाली मिळाली ती जीप धरून तासाभरात हजर. एक बाई बाजेच्या ह्या टोकाला, एक त्या टोकाला, आणि दोघी मिळून सहादूभाऊंची समजूत घालायला लागल्या: मरण आहे, पण असं वाईट नाही, चौथा खंड आता थांबवू नका, त्यात तो खूप आहे. मधूनमधून दोघी माझ्याकडे एकाच नजरेने बघत होत्या. आठ दिवसांत त्यांचं पहिलं एकमत झालं ते माझ्याविषयी.

सहादूभाऊंनी मग साधा प्रश्न विचारला, की तो मेला तर तुला हा खंड आवडला कशाला? प्रतिभाताई नवऱ्याला नाही, मनालीला म्हणाल्या, “एकतीस वर्षं शाळा आणि घर, घर आणि शाळा. ती राणी नुसती चालते आणि कुणीही तिला विचारत नाही की भाजी काय करू. मला ती चारशे पानं कमी पडली गं.”

मनाली खाली बघून पडलेली मेथी गोळा करत होती. म्हणाली, “मी ती पानं वाचलीच नाहीत, आई. रुद्रकेतू गेल्यावर मला पुढे जाववेना. उडवत उडवत शेवटाला गेले.”

‘आई’ हा शब्द तिच्या तोंडून त्या घरात पहिल्यांदा आला. प्रतिभाताईंनी तो ऐकला, मी ऐकला, समर्थने खंड खाली ठेवला. मग त्या म्हणाल्या की आचारी मात्र जरा जास्तच बोलतो हे कबूल. सहादूभाऊ जेवायला उठले. तारीख आहे तीच राहिली. मी मेथीची भाजी दोनदा वाढून घेतली, आणि परतीच्या बसमध्ये मनाली माझ्या शेजारी बसून पहिल्या पानापासून ते वाळवंट वाचत होती. नाशिक येईपर्यंत मला एकदाही रागावली नाही.

दाजींना जय भीम सांग. नातवंडांना माझ्याकडून जवळ घे. मनावरचं ओझं उतरल्यामुळे पत्र लांबलं, ते सांभाळून घे.

तुझा भाऊ,
सावळीराम

ता. क. खरं काम राहिलंच. सहावा खंड म्हणे इतका मोठा झाला होता की तो कापून दोन केले, आणि उरलेला सातवा म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आहे. आपलं लग्न सतरा मेला. तेव्हा तू मोठी म्हणून दोंद्यांकडे शब्द टाक आणि काहीही कारण काढून तारीख एप्रिलात आणव. माझं नाव घेऊ नकोस.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात लता म्हणाली की मालिका एकूण नऊ खंडांची आहे. मग तारीख राहू दे. तू फक्त लग्नाच्या चार दिवस आधी ये, आणि नंतर थोडी जास्त राहा.