हीटरचा फॉल्ट मीच काढणार

१ जानेवारी १९९५, रविवार. सकाळी ७.

नवीन वर्षाचा संकल्प एकच. गाडीच्या हीटरचा फॉल्ट आठ दिवसांत काढायचा. स्वतः. मेकॅनिक नाही.

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं फॉल्टच काढले. पेण ते रोहा, मी चढलो नाही असा खांब नाही. एका जुनाट गाडीचा हीटर माझ्यापुढे काय टिकणार!

गाडी रिटायर झाल्यावर घेतली. चोवीस वर्षांची आहे. आधीचे मालक डेहराडूनला राहिलेले मेजर, म्हणून हीटर. पेणमध्ये हीटरवाली दुसरी गाडी कुणी दाखवावी. फक्त तो बंद होत नाही. दांडा डावीकडे करा, उजवीकडे करा, पायांवर गरम हवा येतेच.

घाई एवढ्यासाठी की मृणालीला बाळंतपणाला आणायचं आहे. रोह्याला दिलेली एकुलती एक मुलगी, पहिलटकरीण. आता आठवा चालू आहे, आठव्यात हलवत नाहीत. ५ फेब्रुवारीला आणणार. एसटीतून नाही, जीपमधून नाही, बापाच्या गाडीतून. सगळ्या आळीने बघितलं पाहिजे.

३ जानेवारी, मंगळवार.

डायग्राम काढला. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डाखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं. मागचा पंखा त्यावरून हवा आत फेकतो. पाण्याला एक कॉक, दांड्यापासून कॉकपर्यंत एक वायर. वायर गंजून तुटलेली. सापडला फॉल्ट! अर्धा तास फक्त.

तशी वायर बाजारात नाही. हिच्या परकराची नाडी ओवली. दुपारी ट्रायल घेतली. वडखळच्या अलीकडे नाडी जळाली. हिने बोलायचं ते बोलून घेतलं.

७ जानेवारी, शनिवार.

वडखळला हिरामण मेकॅनिककडे सहज थांबलो. दाखवायला नाही, सहज.

त्याने बोनेट उघडलं, इंजिन चालू करायला लावलं, कान दिला, आणि हीटरचं सोडून भलतंच सुरू केलं. म्हणे काका, हीटरचं ऱ्हाऊ द्या, सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळच फुटलाय. पंखा तिथला धूर वढून आत टाकतोय. या धुराचा वास पण धड येत नाय, माणूस बसल्या जागी झोपतो तो उठतच नाय. पंख्याची वायर त्याने मला न विचारता उपटली. चार दिवस गाडी ठेवा, तवर काचा उघड्या ठेवूनच चालवा, असंही वर सांगितलं.

मी हीटर दाखवतो, हा सायलेन्सर काढतो. या लोकांना कामं काढायची सवयच असते. धूर असता तर मला दिसला नसता?

८ जानेवारी, रविवार.

पंख्याची वायर परत जोडली. घरात पडून असलेला जुना रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, मध्ये टाकला. आता किल्ली फिरवली की पंखा सुरू, किल्ली काढली की बंद. बटणाचा काही संबंधच उरला नाही. म्हणजे निम्मी कंट्रोल सिस्टीम यशस्वी.

आठ दिवसांची मुदत आज संपली. पंधरा करतो. मधे सुट्ट्या होत्या.

१२ जानेवारी, गुरुवार.

शेजारच्या धोंडुबाईंना गडबला बहिणीकडे सोडलं. सकाळी गारवा होता, काचा लावून घेतल्या. म्हातारी मागे बसली, दिनानाथा, काय गो बाय ऊब लागतेय, असं मला म्हणाली आणि पाच मिनिटांत गाढ झोपली. माझं ड्रायव्हिंग तसं आहेच.

गडबला पोचलो तरी उठेना. हाका मारल्या, हलवली, शेवटी दुकानदाराने तोंडावर पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले. उतरली ती भडाभडा ओकली. सकाळी सकाळी वालाचं बिरडं खाऊन निघाली होती. या वयात जिभेवर ताबा नको?

माझं डोकं जरा ठणकलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

१५ जानेवारी, रविवार.

संक्रांतीचा तिळगूळ घेऊन रोह्याला एकटाच गेलो. मृणालीसाठी गावठी कोंबडी घेतली होती, कमळीकडून. कमळी कातकरवाडीतून दर शुक्रवारी येते. कोंबडी पाय बांधून मागच्या सीटखाली ठेवली. काचा पूर्ण बंद, टेंपरेचरची टेस्ट घ्यायची होती. थर्मामीटर आरशाला बांधला. छत्तीस!

नागोठण्यापर्यंत कोंबडी कुरकुरत होती. पुढे गप्प झाली. निडीला थांबून बघितलं तर मेलेली. मान लुळी. कमळीने आजारी कोंबडी गळ्यात मारली माझ्या.

पुढे एका वळणावर गाडी रस्त्याच्या कडेला उतरली. मी डोळे मिटले नव्हते. नीट आठवत नाही एवढंच.

जावई धनेश केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. गाडीत डोकं घालून त्याने हुंगलं आणि चारही काचा खाली केल्या. सासऱ्याच्या गाडीत हुंगतात? म्हणाला, बाबा, आम्हाला कंपनीत शिकवतात, पहिलं डोकं दुखतं, मग झोप येते, मग कायच कळत नाय. मी म्हटलं तुमची कंपनी वेगळी, माझी गाडी वेगळी.

मृणालीचे पाय सुजलेत. तरी दारापर्यंत आली, बाबा सावकाश जा म्हणाली. पोर माझी!

१६ जानेवारी, सोमवार.

मेलेली कोंबडी पुरावा म्हणून कमळीला नेऊन दाखवली. चांगली झापली. तिने कोंबडी उलटीपालटी केली, चोच उघडली, पंख फुंकले. म्हणाली, दादा, आजारी कोंबरीचा तुरा काळा परतो. हिचा बघ कसा लालभडक हाय. ही आजारानं नाय मेली, हिला तू काय केलास ते सांग.

मी केलं! आता यांच्याकडून ऐकून घ्यायचं राहिलं होतं.

२२ जानेवारी, रविवार. दुपारी.

आठवडाभर डोक्यात होतं ते आज सुटलं. आपण उगाच फॉल्ट फॉल्ट करत बसलो! हीटर बंद करायचाच कशाला? बाळंतिणीला आपण शेक देतो, खाटेखाली शेगडी ठेवतो, कान बांधतो, वारा लागू देत नाही. मग नववा लागलेल्या बाईला चाळीस किलोमीटर उबेत आणणं यासारखी दुसरी काळजी कोणती? अशी गाडी बाळंतपणासाठी मुद्दाम बनवून मिळणार नाही.

फॉल्ट रद्द. ही सोय आहे.

हिला समजावलं. ही धोंडुबाईंचं काय झालं ते आठवा म्हणाली. बायकांना विज्ञान सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२९ जानेवारी, रविवार.

धनेशचा शेजाऱ्यांच्या फोनवर फोन. तो जीप करणार आहे म्हणे. मी स्पष्ट सांगितलं, मुलगी माहेरी येते ती माहेरच्या माणसांबरोबर. जीप आली तर मी दारात उभा राहणार नाही. एकुलती एक मुलगी, आणि तिला आणायला भाड्याचा ड्रायव्हर?

शेवटी तोच नमला. ही सोबत येणार, एवढी अट त्याने घातली. ही जाताना काचा उघड्या ठेवणार म्हणते. जाताना ठेव बाई.

४ फेब्रुवारी, शनिवार.

तयारी पूर्ण. दारांच्या फटीत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या. मागच्या काचांना काळी टेप लावली. कुठूनही वारा नाही. आत बसून बघितलं, बाहेरचा आवाजसुद्धा येत नाही. देवघरात बसल्यासारखं वाटतं.

काचा वर-खाली करायचे हँडल स्क्रूवर आहेत. स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. ही ऐकणारी बाई नाही.

हिरामण बाजारात भेटला. पाइप केला का विचारत होता. केला म्हटलं. उगाच फाटे कोण फोडणार.

५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.

निघतो. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. शुभशकुन.

६ फेब्रुवारी, सोमवार.

काल लिहिलं नाही. क्रमाने लिहितो.

जाताना हिची काच उघडी होती, त्रास झाला नाही. रोह्याला विहीणबाई मृणालीची ओटी भरत होत्या, तेवढ्यात मी बाहेर येऊन काचा लावल्या आणि चारही हँडल काढून खिशात टाकले. मृणाली मागे, ही पुढे. साडेदहाला निघालो. धनेशची शिफ्ट होती, तो नव्हता.

मृणाली आधी बोलत होती. बाळाचं नाव काय ठेवायचं वगैरे. मग म्हणाली आई, डोकं जड झालंय. मग बोलली नाही. मी म्हटलं झोपू दे.

निडी मागे गेल्यावर ही म्हणाली गाडी थांबवा. मी म्हटलं नागोठण्याला थांबू, पाचच मिनिटं. हिने मागे वळून हाका मारल्या. मृणाली, ए मृणाली, ऊठ गो. ती उठली नाही. हिने काच उघडायला हात घातला तर हँडल नाही. माझ्याकडे बघितलं. मी खिसे चाचपले. खिसा सापडेना. माझाच खिसा, आणि हात त्यात जाईना.

हिने ओटीतला नारळ उचलला आणि काचेवर मारला. दोनदा. तिसऱ्यांदा काच फुटली, तेव्हा कुठे माझा पाय ब्रेकवर गेला.

शेतात गोरख म्हणून एक माणूस आणि त्याची बायको काम करत होती. त्यांनी मृणालीला उचलून बांधावर निजवली. ओठ लालभडक दिसत होते, म्हणून मला वाटलं बरी आहे. एक टेंपो रोह्याकडे चालला होता, त्यात घातली. ही चढली. मी चढायला गेलो तर पाय उचलेनात. गोरखने ढकलून चढवलं.

हॉस्पिटलात तिला नळीने ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकले. एका बाजूला ऐकलं, मग दुसऱ्या बाजूला ऐकलं, मग परत पहिल्या. मी घाबरलो. लिहून टाकतो, आयुष्यात असा घाबरलो नव्हतो. मग त्या ठोके लागले म्हणाल्या.

मृणालीने दुपारी डोळे उघडले. आईचा हात धरला.

डॉक्टरीणबाईंना मी हीटरचा डायग्राम काढून दाखवायला लागलो. त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

घरी एकटा. ही रोह्यालाच राहिली. बाळंतपण तिकडेच होणार असं परस्पर ठरलं. पहिलं बाळंतपण सासरी! नातेवाइकांना काय सांगू? धोंडुबाई विचारून गेल्या. रस्ता खराब आहे म्हटलं.

शांतपणे विचार केला तर माझी चूक तितकीशी नाही. मूळ फॉल्ट मेजरच्या वेळचा. शिवाय ओटीचा नारळ असा काचेवर फोडतात का? अपशकुन तो.

हिरामणने गाडी ओढून नेली. पंख्याच्या तोंडात बोट फिरवून माझ्यापुढे धरलं. काळंकुट्ट. काका, पाइप केलेला ना, म्हणाला. जुन्या गाडीत काजळी असायचीच, असं मी सांगितलं. त्याने बोट फडक्याला पुसलं आणि आत गेला. गाडी विकून टाक, असं त्यालाच सांगितलं.

दोन दिवस भात करपतोय.

२२ फेब्रुवारी, बुधवार.

मुलगी झाली. सोमवारीच. मला आज कळलं, तेही शेजाऱ्यांकडून. दोघी सुखरूप.

दुपारच्या पॅसेंजरने रोह्याला गेलो. हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर खोली. ही खुर्ची देऊन बाहेर गेली. नात गोरी आहे, नाक आमचं. मूठ गच्च आवळून झोपली होती. मी हात स्वच्छ धुतले, घ्यायला पुढे केले.

मृणालीने विचारलं, बाबा, कशाने आलात? ट्रेनने म्हटलं. गाडी नाय ना आणली? नाही गो, विकायला टाकली, म्हटलं.

तिने मान हलवली. मग धनेशला हळूच सांगितलं, खाली फाटकापर्यंत जाऊन बघून ये. तो गेला. ती बाळाला छातीशी घेऊन दाराकडे बघत राहिली.

धनेश यायला पाच मिनिटं लागली असतील. तोवर मी हात पुढे करून उभा होतो.