आप्पांचा गुलाब, चारशे पिक्सेल

विश्रामबाग, सांगली. मंगळवार, १२ जानेवारी १९९९

गुलाबप्रेमींच्या इंटरनेटवरच्या मंडळावर आप्पांचा आणि त्यांच्या गुलाबाचा फोटो लावायचा होता. नियम असा, की रुंदी चारशे पिक्सेलच्या आत हवी, नाहीतर फोन लाइनवर फोटो उघडतच नाही. पूर्ण फोटो चारशेवर आणला, तर पाकळ्या पुसट झाल्या आणि आप्पांचा चेहरा म्हणजे सात-आठ ठिपके. म्हणून कडा कापून फक्त फूल ठेवलं. निर्णय बरोबर होता. अजूनही बरोबरच वाटतो. मग?

आप्पा गेल्यानंतर आई आज पहिल्यांदा मलकापूरबाहेर पडली. "आप्पांना आता जगभर बघतील," असं मीच तिला फोनवर सांगितलं होतं. संध्याकाळी तिला माझ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर फोटो दाखवायला नेलं. ती स्क्रीनजवळ वाकली.

"ह्यात तुझं आप्पा कुठं हायत गं?"

"मावत नव्हते, आई. चारशेच पिक्सेल मिळतात. लोकांना फूल बघायचं असतं."

"फूल व्हय? ते दारात रोज उमलतंय की. मी त्यास्नी बघाय आले हुते."

 परतताना रिक्षात मी घर येईपर्यंत तिला पिक्सेल म्हणजे काय ते समजावत राहिले. थांबले असते तर रडू आलं असतं.