तबकडीतली हाक

सोलापूर, मंगळवार, ११ नोव्हेंबर. संध्याकाळ

आज जे कळलं ते लिहूनच टाकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका तबकडीवरून शनिवारच्या कार्यक्रमासाठी नवी धून बांधत होतो. कुणा तेलुगू बाईचा आवाज, भरपूर खरखर. शब्द कळत नव्हते. पण त्यातली दोन अक्षरं इतकी गोड वाटली, की तेवढीच कापून ढोलकीच्या ठेक्यावर पुन्हा पुन्हा फिरवली.

शेजारच्या नरसम्माअक्का वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. तेलुगू त्यांच्या घरची भाषा.

"ह्याच्यावर ढोलकी कशाला रे?"

"जुनं गाणं आहे, अक्का."

"गाणं न्हाय ते. रडालीय की ती. लेकरू गेलंय तिचं, त्याला हाक मारालीय."

म्हणजे ती दोन अक्षरं त्या लेकराचं नाव. इथे लिहायलाही हात धजत नाही. अक्का वाटी ठेवून गेल्या.

तीन महिने ह्या धुनीवर काम करत होतो आणि अक्का भिंतीपलीकडेच होत्या. एकदा विचारायला मला काय झालं होतं?

आयोजकांना फोन करून धून मागे घेतली. ते म्हणाले, "अहो, तोच तुकडा तर लोकांना आवडेल."

आवडलाच असता. मलाही तोच आवडला होता.